उदोन, यादोन आणि तुमचं दुकान: एका मठ्ठ पोकेमॉनकडून ब्रँडिंगचा धडा



जपानमधल्या कागावा प्रांताच्या सरकारने २०१८ मध्ये आपल्या प्रचाराचं काम एका मठ्ठ प्राण्याला दिलं. प्राणी खराखुरा नाही, व्हिडिओ गेममधला आहे. तोंड कायम उघडं, डोळे शून्यात, रंग फिकट गुलाबी. याला मारलं तर दुखतंय हे कळायला पाच सेकंद लागतात, असं खुद्द गेममध्येच लिहिलंय. या आठवड्याच्या व्हिडिओत मी त्याच्याबद्दल तीन-चार मिनिटंच बोलले आणि मग बऱ्याच जणांनी विचारलं की सरकारने असला ब्रँड ॲम्बेसेडर का घेतला असेल? त्याचं उत्तर इथे जरा ऐसपैस लिहिते, कारण ज्याच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत अशा प्रत्येक दुकानदाराच्या ते कामाचं आहे.

आधी प्राण्याची ओळख. ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

पोकेमॉन आपल्याकडे कार्टूनमुळे घराघरात गेला, पण मुळात तो गेम आहे. निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये त्याचे लाल आणि हिरवा असे दोन भाग आले. रानावनात फिरायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, सांभाळायचे, वाढवायचे आणि लढवायचे. सुरुवातीला प्राण्यांच्या १५१ जाती होत्या, आता हजाराच्या वर गेल्यात. सगळ्यांना माहीत असलेला पिवळा पिकाचू त्या यादीत २५ नंबरवर. आपला गडी ७९ नंबरवर. इंग्रजीत त्याचं नाव स्लोपोक, म्हणजे आपल्या भाषेत रेंगाळ्या. जपानीत यादोन. हे जपानी नाव लक्षात ठेवा, सगळा खेळ त्या नावाचाच आहे.

स्लोपोकची उंची १.२ मीटर, वजन ३६ किलो. पाण्याच्या कडेला बसतो, शेपूट पाण्यात सोडतो आणि त्या शेपटीने मासे पकडतो. शेपटीच्या टोकातून गोडसर रस येतो, त्याला मासे भुलतात. गेममध्ये प्रत्येक प्राण्याच्या वेगाला एक आकडा असतो. पिकाचूचा ९०, स्लोपोकचा १५. पहिल्या १५१ मध्ये एवढा मंद दुसरा कोणीच नाही. पुढे कधीतरी शेल्डर नावाचा शिंपला त्याच्या शेपटीला चावून तिथेच लटकतो, तेव्हा कुठे साहेब दोन पायांवर उभे राहतात आणि स्लोब्रो होतात. त्यालाही ३७ वी पातळी गाठावी लागते. एकूण काय, कोणत्याही मार्केटिंग एजन्सीने 'आपल्या ब्रँडचे गुण' म्हणून जी यादी काढली असती, तिच्या बरोबर उलटा हा प्राणी.

कागावाकडे होतं काय?

कागावा हा जपानच्या शिकोकू बेटावरचा प्रांत. क्षेत्रफळाने जपानमधला सगळ्यात छोटा. बृहन्मुंबईच्या साधारण तिप्पट जागा आणि दहा लाखांच्या आत लोकसंख्या. तोक्यो, क्योतो, ओसाका करून पर्यटक परत जातो, वाकडी वाट करून कागावाला कशाला जाईल? हाच प्रश्न आपल्यापैकी किती जणांचा आहे बघा. गिऱ्हाईक मेन रोडवरच्या मोठ्या शोरूमला जातं, गल्लीत तिसऱ्या दुकानात का येईल?

कागावाकडे एक गोष्ट मात्र पक्की होती. उदोन. गव्हाच्या पिठाच्या जाड, पांढऱ्या, चिवट शेवया, गरम रश्शात किंवा थंड करून खायच्या. कागावाचं जुनं नाव सानुकी, म्हणून तिथल्या उदोनला सानुकी उदोन म्हणतात आणि ते जपानभर नावाजलेलं आहे. तिथे पाऊस कमी. शेतीसाठी लोकांनी जुन्या काळापासून तळी खोदली, आजही हजारो तळी आहेत. भाताच्या जोडीला गहू घेतला जायचा, जवळच्या समुद्रातून मीठ आणि सुके छोटे मासे मिळायचे, शोदोशिमा बेटावरून सोया सॉस. पीठ, मीठ, रस्सा, सगळं हाताशी. पदार्थ जन्माला यायला आणखी काय लागतं?

दुकानंही कशी, तर बरीचशी साधी. काही ठिकाणी तुम्हीच वाडगा घ्यायचा, शेवया जाळीत घालून गरम पाण्यात बुडवायच्या आणि नळ सोडून रस्सा ओतून घ्यायचा. सकाळी उघडतात आणि त्या दिवशीच्या शेवया संपल्या की शटर खाली. कोणी 'अजून थोड्या करा ना' म्हटलं तरी नाही. मला हे फार आवडतं, पण त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

२०११ मध्ये प्रांत सरकारने एक गंमत केली. 'आम्ही नाव बदलतोय, यापुढे आम्हाला उदोन प्रांत म्हणा' अशी जाहिरात काढली. कागावाचाच असलेला नट जुन कानामे त्यात 'उपराज्यपाल' होऊन गंभीर चेहऱ्याने घोषणा करतो. नाव अर्थातच कागदोपत्री बदललं नाही, पण देशभर हसू झालं आणि नाव डोक्यात बसलं. इथे थांबून बघा. छोट्या प्रांताने 'आमच्याकडे देवळं आहेत, समुद्र आहे, बागा आहेत, कलाही आहे' अशी दहा गोष्टींची यादी वाचली नाही. एक गोष्ट धरली. त्याच जाहिरातीच्या घोषवाक्यात पुढे 'तेवढंच नाही' अशी जोड होती, पण ती नंतर. आधी उदोन.

आपल्या दुकानांच्या पाट्या आठवा. 'जनरल स्टोअर्स, झेरॉक्स, मोबाईल रिचार्ज, गिफ्ट आर्टिकल, लेडीज मटेरियल, येथे पिको फॉल करून मिळेल.' सगळं खरं असतं हो, पण गिऱ्हाईक घरी जाऊन शेजारणीला काय सांगणार?

एका अक्षराचा फरक

आता नावाकडे या. तिथल्या शेवया उदोन. आपला प्राणी यादोन. जपानी लिपीत दोन्ही तीन-तीन अक्षरांचे शब्द आणि फरक फक्त पहिल्या अक्षराचा. मराठीत लिहिलं तरी तेच दिसतंय, 'उ' काढा, 'या' घाला. बस, एवढंच नातं! स्लोपोक गेममध्ये कुठे शेवया खात नाही, शेफ नाही, शिकोकू बेटाशी त्याचा काही संबंध नाही.

पण हे नातं फक्त कागावाचं आहे. तोक्योने यादोनला बोलावलं असतं तर कोणी विचारलं असतं, का बुवा? कागावाने बोलावलं तर जपानी माणूस क्षणभर थांबतो, डोक्यात शब्द जुळतो आणि खुदकन हसतो. ते हसू म्हणजेच जाहिरात. ते समजावून सांगावं लागत नाही आणि दुसऱ्याला सांगावंसं वाटतं. पिकाचू घेतला असता तर गर्दी जमली असती, यात शंका नाही. फोटोही निघाले असते. पण पिकाचू सगळ्यांचा आहे. विमानावर तो आहे, चिप्सच्या पाकिटावर तो आहे. पिकाचू बघून कागावा आठवायचं काही कारण नाही. आज जपानमध्ये यादोन बघून उदोन आठवतं आणि उदोनच्या दुकानात यादोन आठवतो. दोघे एकमेकांचं काम करतात.

मठ्ठपणाचं काय मग? मला विचाराल तर तोही फायद्याचाच ठरला. सरकारी जाहिरातीत सगळे हसरे, चटपटीत, टापटीप चेहरे असतात. त्यात एक जण 'हं... काय म्हणालात?' अशा चेहऱ्याने बसलाय. मोठ्या शहरांची नक्कल न करणाऱ्या निवांत प्रांताला तो शोभतो. शिवाय स्वतःवर हसू शकणाऱ्या माणसाकडून विकत घ्यायला लोकांना आवडतं, हा माझा काउंटरवरचा अनुभव आहे.

हे असं सुचायला पैसे लागत नाहीत, पण करायला धीर लागतो. कुठल्या तरी अधिकाऱ्याने साहेबांसमोर जाऊन 'सर, आपला प्रतिनिधी म्हणून मी सगळ्यात मंद पोकेमॉन सुचवतो' असं म्हटलं असणार ना! साहेबांनी फाईल फेकली नाही, हे विशेष.

पुढे काय काय झालं ते थोडक्यात. आधी छोटे उपक्रम, मग २०१८ मध्ये रीतसर प्रचारकाची नेमणूक. रस्त्यांवरच्या मॅनहोलच्या झाकणांवर यादोनची रंगीत चित्रं आली, प्रत्येक झाकणाचं चित्र वेगळं, म्हणजे ज्याला सगळी बघायची त्याने गावोगाव फिरायचं. आयागावा या गावात मुलांसाठी यादोनचं उद्यान झालं. उदोनच्या पाकिटांपासून मिठायांपर्यंत भेटवस्तू निघाल्या. १० ऑगस्टला यादोनचा दिवस असतो, कारण जपानीत आठ आणि दहा या आकड्यांचे उच्चार जोडले की साधारण 'यादोन' होतं. अक्षरांचे आणि आकड्यांचे असे खेळ हा त्या लोकांचा छंदच आहे.

झाकणावरून आठवलं. पोकेमॉनच्या मॅनहोल झाकणांची सुरुवात झाली ती इबुसुकी नावाच्या गावात, २०१८ च्या डिसेंबरात. जपानच्या दक्षिण भागात कागोशिमा प्रांतात हे गाव आहे आणि तिथल्या झाकणांवर ईव्ही नावाचा पोकेमॉन आहे. हे का? ईव्हीचं जपानी नाव ईबुई, आणि 'सुकी' म्हणजे आवडणं. ईबुई-सुकी, इबुसुकी. 'ज्याला ईव्ही आवडते ते गाव'! गावाचं नाव शेकडो वर्षं तेच होतं, पडून होतं म्हणा ना. कोणीतरी एकदा ते मोठ्याने वाचलं.

द पोकेमॉन कंपनीने हीच पद्धत पुढे बऱ्याच प्रांतांत नेली आणि प्रत्येक ठिकाणी जोडी जमवताना काहीतरी कारण शोधलं. तोत्तोरीत वाळूच्या प्रसिद्ध टेकड्या आहेत, तिथे वाळूत राहणारा सँडश्रू. मियाझाकीत रस्त्याकडेला उंच ताडामाडासारखी झाडं, तिथे झाडासारखा दिसणारा एग्झेक्युटर. इवाते या नावातच 'खडक' आणि 'हात' हे दोन शब्द आहेत, तिथे हात फुटलेला दगड, जिओड्यूड. फुकुशिमाच्या नावातल्या 'फुकु'चा अर्थ भाग्य. तिथे कोण, तर चॅन्सी, जिला जपानीत लकी म्हणतात. २०११ च्या भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर त्या प्रांताच्या नावाचं जगभर काय झालं ते आपल्याला माहीत आहे. त्याच नावातला भाग्याचा अर्थ उचलून पुढे ठेवणं, ही मला या सगळ्यातली सगळ्यात मोलाची जोडी वाटते.

म्हणजे कुठे आवाज जुळला, कुठे दिसणं जुळलं, कुठे अर्थ. पण काहीतरी आधीपासून तिथे होतं, ते कोणी आणून चिकटवलं नाही.

उदोनवाल्याला काय मिळालं?

हा भाग व्हिडिओत अजिबात आला नव्हता आणि खरा धडा इथेच आहे.

ताकामात्सु हे कागावाचं मुख्य शहर. तिथल्या एखाद्या गल्लीत नवरा-बायको मिळून उदोनचं छोटं दुकान चालवतायत असं धरा. त्यांना आपल्या पाटीवर यादोनचं चित्र रंगवता येतं का? नाही. यादोन सरकारचा प्रचारक झाला म्हणून तो सगळ्यांच्या मालकीचा झाला नाही. तो पोकेमॉन कंपनीचाच आहे. ज्यांनी परवानगी घेतली, करार केला, त्यांनीच पाकिटावर तो छापला. गल्लीतल्या जोडप्याला त्यातलं काही नाही.

तरीही त्यांचा फायदा होतो. यादोनची झाकणं बघत फिरणारं कुटुंब दुपारी जेवणार कुठे? उदोन खाल्ल्याशिवाय कागावाहून कोण परततं? चित्राचा हक्क एकाचा, पण त्या चित्राने जी पावलं त्या गावात आणली ती सगळ्यांच्या दारावरून जातात. मग ती पावलं आत वळतील की पुढे जातील, हे वाडग्यातल्या शेवयांवर. तिथे यादोन मदतीला येत नाही.

आणि त्या शेवयांचंही एक गुपित आहे, फारसं लपवलेलं नाही. सानुकी उदोन प्रसिद्ध असलं तरी त्यासाठी लागणारा गहू गेली काही दशकं मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येतो. पीठ चांगलं मळतं, रंग चांगला येतो, भाव परवडतो. म्हणजे कच्चा माल बाहेरचा आणि नाव सानुकीचं? होय, कारण नाव हातातल्या कामाचं आहे. पीठ किती मिठाच्या पाण्यात मळायचं, पायाने किती तुडवायचं, किती वेळ मुरू द्यायचं, दाताखाली किती चिवटपणा राहिला पाहिजे. पण प्रांत तेवढ्यावर गप्प बसला नाही. त्यांच्या कृषी संशोधन केंद्राने खास उदोनसाठी गव्हाचं स्थानिक वाण तयार केलं, त्याचं नाव ठेवलं 'सानुकी नो युमे २०००', म्हणजे सानुकीचं स्वप्न. एकीकडे गुलाबी प्राण्याची थट्टामस्करी, दुसरीकडे गव्हाचं बियाणं. दुसरं काम दिसत नाही, म्हणून आपल्याकडे ते कोणी करत नाही. लोगोवर तीन महिने आणि चवीवर तीन दिवस, असं करणारे किती सापडतात!

कोतोहिरा भागात तर उदोन टॅक्सी आहे. टपावर उदोनचा भलामोठा वाडगा बसवलेली गाडी, चालक तुम्हाला उदोनच्या दुकानांना फिरवतो. हा चालक व्हायला लेखी परीक्षा द्यावी लागते आणि स्वतःच्या हाताने उदोन करूनही दाखवावं लागतं. वाडगा लावायला एक दिवस पुरतो. चालकाला पीठ मळायला शिकवणं वेगळं.

शेपटीचा धंदा

आता ज्या प्रश्नासाठी मी हा सगळा फेरा घेतला तो. प्रत्येक बॅचमध्ये कोणी ना कोणी विचारतं: 'मॅडम, मी मुलांच्या टिफिन बॅगा शिवते. त्यावर पिकाचू छापला तर पटापट जातील ना?' केकवाल्या विचारतात, टी-शर्टवाले विचारतात, राखी करणाऱ्या ताई विचारतात.

जातील. खोटं कशाला सांगू?

पण आधी स्लोपोकचीच एक गोष्ट ऐका. १९९९ मध्ये पोकेमॉनचे गोल्ड आणि सिल्व्हर हे भाग आले. त्यात अझेलिया टाऊन नावाचं एक गाव आहे, तिथे स्लोपोक गावभर फिरत असतात. गावात एक विहीर आहे. ४०० वर्षांपूर्वी दुष्काळ पडला असताना स्लोपोकने जांभई दिली आणि पाऊस पडला, अशी तिथे आख्यायिका आहे. (कमी पावसाच्या कागावाने पुढे नेमका हाच प्राणी निवडला, हा निव्वळ योगायोग, पण काय योगायोग आहे!) खेळाडू गावात येतो तेव्हा स्लोपोक गायब असतात. टीम रॉकेट नावाची गुंडांची टोळी विहिरीत उतरून त्यांच्या शेपट्या कापत असते, विकायला.

त्याच सुमारास वाटेत एक विक्रेता भेटतो. 'चविष्ट, पौष्टिक शेपूट, खास तुमच्यासाठी' अशा थाटात भाव सांगतो: दहा लाख. गंमत अशी की त्या गेममध्ये खेळाडूच्या खिशात जास्तीत जास्त ९,९९,९९९ एवढेच पैसे मावतात. एक रुपया कमी! म्हणजे कोणीही, कितीही खेळलं, तरी त्याचा माल घेऊच शकत नाही. आणि तीच शेपूट गेममधल्या दुकानात विकायला गेलात तर हातात पडतात ४,९००. बोललेला भाव आणि मिळालेला भाव यातलं अंतर शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पण मुद्दा दुसरा आहे. स्लोपोकची शेपूट तुटली तर पुन्हा उगवते. गेमच्या पुढच्या भागांत अलोला नावाच्या बेटांवर लोक ती वाळवून मिठाच्या पाण्यात शिजवतात, ते त्यांचं घरगुती जेवण आहे. गालार प्रदेशातला स्लोपोक तिथल्या खास वनस्पतीच्या बिया खातो, म्हणून त्याची शेपूट तिखट लागते. म्हणजे शेपूट खाणं हा गुन्हा नव्हता. दुसऱ्याच्या विहिरीत न विचारता उतरणं हा होता.

पिकाचू छापलेली बॅग म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीतली शेपूट. चित्रावर कॉपीराइट आहे, नावावर ट्रेडमार्क आहे. आपल्या कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९ मध्येही खोट्या ट्रेडमार्कला तशीच शिक्षा आहे. 'सगळेच विकतात' हे उत्तर तिथे चालत नाही. 'मी जरा बदलून काढला, कान छोटे केले' हेही नाही. तीस टक्के बदल केला की चित्र आपलं होतं, असं जे बाजारात सांगतात, तसा कोणताही नियम कायद्यात नाही. बघणाऱ्याला पिकाचू दिसला की विषय संपला.

आणि पोलीस, कोर्ट बाजूला ठेवा. रोजचा तोटा बघा. तुमच्या बॅगेवर पिकाचू आहे, शेजारच्या दुकानात आहे, हायवेच्या टपरीवर आहे. गिऱ्हाईक पिकाचू मागतं, तुम्हाला मागत नाही. मग भावावर येतं. दीडशेची बॅग एकशेवीसला, एकशेवीसची शंभरला. शिलाई तुमची, कापड तुमचं, रात्रीचं जागरण तुमचं आणि बॅगेतली ओळख दुसऱ्याची. ऑनलाइन टाकलीत तर कंपनीची एक तक्रार पुरते. लिस्टिंग उडतं आणि कधी कधी त्यासोबत बाकीच्या मालाचं खातंही अडकतं. दोन वर्षांचे रिव्ह्यू गेले तर ते कुठून आणणार?

माझं गिफ्टचं दुकान आहे, त्यामुळे होलसेलवाले माझ्याकडेही येतात. 'ताई, लायसन्सचा माल आहे, बिनधास्त ठेवा.' मी एकच विचारते, कागद दाखवा. खऱ्या लायसन्सच्या मालावर हक्कदार कंपनीचं नाव छापलेलं असतं, बिल पक्कं असतं, बिलावर मालाचं नाव स्पष्ट असतं. 'बिलावर फक्त बॅग लिहितो' म्हणाला की मी चहा पाजते आणि रवाना करते. ज्यांना खरंच लायसन्स हवंय त्यांनी भारतात अधिकृत एजन्सी कोण आहे ते कंपनीकडून लेखी विचारावं आणि सही करण्याआधी वकिलाकडून करार वाचून घ्यावा. बहुतेक करारांत विक्री झाली नाही तरी किमान रक्कम द्यावीच लागते, ती आपल्या गल्ल्याला झेपते का ते बघा. महिन्याला दोनशे बॅगा शिवणाऱ्या ताईला बहुधा झेपणार नाही.

मग त्या ताईने काय करायचं? माझ्या एका बॅचमध्ये हे आम्ही फळ्यावर करून पाहिलं होतं. तिच्या आडनावात एका पक्ष्याचं नाव होतं. लहानपणापासून त्यावरून चिडवणं झालेलं, म्हणून तिने धंद्याला इंग्रजी नाव दिलं होतं, त्यात 'क्रिएशन्स' वगैरे. वर्गातल्याच एका मुलाने त्या पक्ष्याला डबा खाताना काढलं, दोन मिनिटांत, खडूने. सगळे हसले. तीही हसली. पोटावर छोटा खिसा आणि चोचीत पोळीचा तुकडा असा तो पक्षी तिने पुढे शिवून घेतला. पहिल्या महिन्यात पिकाचूइतक्या बॅगा गेल्या का? नाही गेल्या. पण शाळेच्या गेटवर आया 'ती पक्ष्याची बॅग कुठे मिळते' असं विचारायला लागल्या आणि त्या प्रश्नाला गावात एकच पत्ता होता. तिने त्या चित्राचा ट्रेडमार्क अर्जही केलाय. छोट्या उद्योगांना त्याची फी कमी असते, उद्यम नोंदणी आधी करून घ्या.

आणखी एक वाट आहे, कागावासारखी, एकत्र जायची. एकट्या दुकानाचं नाव मोठं होत नसेल तर जागेचं नाव आधीच मोठं आहे का बघा. कोल्हापुरी चपलेला, सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. तुम्ही त्या भागात तोच माल ठरलेल्या पद्धतीने करत असाल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. मग ते मानांकन तुम्ही हक्काने पाकिटावर लावू शकता. कितीतरी उत्पादक ही नोंदणी करतच नाहीत आणि मग बाहेरचा माल आपल्याच नावाने विकला जातो म्हणून चिडतात. इथे विहीर तुमच्या गावची आहे, फक्त दोरी आणायचीय.

या वेळचा गृहपाठ असा. एक कोरा कागद घ्या. तुमचं नाव, आडनाव, दुकानाचं नाव, गल्लीचं, गावाचं नाव आणि जो माल सगळ्यात जास्त जातो त्याचं नाव, हे सगळं मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहा. इंग्रजीत नको, कारण इंग्रजीत आपल्याला आपलंच नाव नीट ऐकू येत नाही. मग मोठ्याने वाचा. उलटसुलट वाचा, जोडून वाचा, एक अक्षर बदलून वाचा. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला सोबत बसवा, ही कामं त्यांना आपल्यापेक्षा चांगली जमतात. कुठे आवाज जुळतोय, कुठे अर्थ निघतोय, कुठे हसू येतंय, तिथे खूण करा. लाज वाटली तिथे दोन खुणा करा. शनिवारच्या लाइव्हला कागद घेऊन या, कॅमेऱ्यासमोर वाचायला वेळ ठेवलाय.